जाळीच्या आत

आमच्या घराच्या सगळ्या खिडक्यांना डासांची जाळी आहे. रायपुरात ती नसून चालत नाही. पहिला पाऊस झाला की वाळवीचे पंख आमटीत पडतात, आणि दिवाळीच्या आगेमागे, धान पिकायला लागलं की शेतांतले हिरवे माहो दिव्यांवर एवढे झेपावतात की सकाळी दुकानांसमोर झाडूनं त्यांचे ढीग लोटावे लागतात. त्यामुळे आषाढातल्या एका संध्याकाळी हॉलच्या भिंतीवर, कॅलेंडर आणि घड्याळाच्या मधे, उघड्या पंजाएवढा एक जीव पंख पसरून बसलेला दिसला तेव्हा माझ्या मनात आधी आलं ते हे, की हा आत आला कसा? काय आहे, हे नंतर. जाळीला कुठे फट नव्हती. दार दुपारपासून बंद होतं.

आई म्हणाली, "आधी पंखा बंद कर."

पंखा बंद केला. जुलैचा उकाडा, त्यात पंखा बंद, आणि आम्ही दोघी स्टूल ओढून भिंतीसमोर बसलेल्या. आईचं वय एकोणऐंशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला रंग फार चांगले दिसतात. "पिकल्या पेरूच्या सालीचा रंग आहे," ती म्हणाली, आणि तो तसाच होता, पिवळा, पण करड्याकडे झुकलेला. पुढच्या पंखांच्या वरच्या कडेला राखाडी पट्टी. चारी पंखांवर एकेक गोल डोळा, त्याला बारीक बारीक कडी, एक पांढुरकं, एक गुलाबीसर, एक काळपट. डोळ्याच्या मधोमध मात्र रंगच नव्हता. तिथून मागच्या भिंतीचा डिस्टेंपर दिसत होता. कोणी पंखाला गोल भोक पाडून अभ्रक बसवावा तसं. पोट जाड, लवदार, भरलेलं. भिंतीवर त्याच्याखाली फिकट चहा सांडल्यासारखा एक ओघळ होता, तो सकाळी नव्हता.

मराठीत आपण याला पतंग म्हणतो आणि सुटतो. संक्रांतीला उडवतो तोही पतंग, दिव्यावर येतो तोही पतंग. फुलपाखरांना निदान अलीकडे हौशी लोकांनी मराठी नावं दिली आहेत. पतंगांच्या जाती त्यांच्याहून कितीतरी पट जास्त, पण त्यांच्या वाट्याला एक शब्द आला, फार तर पाकोळी धरून दोन. म्हणजे ओळख पटवायची तर 'हे काय नाही' इथूनच सुरुवात.

फुलपाखरू नाही हे मिशांवरून कळलं. फुलपाखराच्या मिशा टोकाला जाड होतात, काडेपेटीतल्या काडीसारख्या. याच्या मिशा पिसांसारख्या होत्या, पण आखूड आणि अरुंद. ॲटलसही नाही. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे मोठा पतंग सापडला की त्याला ॲटलस म्हणून टाकायची पद्धत पडली आहे. पण ॲटलसच्या पंखावरच्या खिडक्या तिकोनी असतात, त्यांच्याभोवती अशी डोळ्याची कडी नसतात, आणि पुढच्या पंखाचं टोक नागाच्या डोक्यासारखं वळलेलं असतं. चंद्रपतंग नाही, तो फिकट हिरवा आणि मागे लांब शेपट्यांचा. राहिली अँथेरिया नावाची प्रजाती. फोनवरचं ॲपही तिथवर आलं आणि थांबलं. भारतात तिच्या काही जाती आहेत, त्यांतली मुगा रेशमाची आसामकडची, काही हिमालयाच्या बाजूला ओकच्या पानांवर वाढणाऱ्या. मध्य भारतातल्या साल, ऐन, अर्जुनाच्या रानातली म्हणाल तर एकच, अँथेरिया मायलिट्टा. जॉर्ज हॅम्पसन यांच्या ब्रिटिश इंडियातल्या पतंगांवरच्या ग्रंथाचा पहिला खंड १८९२ सालचा. तो आता कुणालाही फुकट वाचता येतो. त्यात शोधून, डोळ्यांची कडी मोजून, रात्री साडेअकराला मी आईला उठवलं.

"आई, हा कोसा आहे."

"कोसा म्हणजे?"

"कोसा म्हणजे कोसा. तुझं कोशाचं पातळ ज्याचं आहे तो."

ती उठून बसली, चष्मा लावला आणि भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "अगं, पण हे मी कधीच पाहिलं नाही."

ती असं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं, कारण आईचं बालपण जगदलपूरचं. तिचे वडील तिथे जंगल खात्यात होते, संस्थान विलीन झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. कोसे तिला सुपारीइतके परिचित. मुलं गोट्यांसारखी त्यांच्याशी खेळायची. कानाशी धरून हलवायचा, आत जड ठोका लागला तर जिवंत, हलकं खुळखुळलं तर वाळलेला. कोशाच्या कापडाशी तिचा संबंध तर त्याहून जुना. तिच्या आईचं सोवळं कोशाचं, सासूबाईंचं कोशाचं, तिचं स्वतःचंही. सालाच्या रानातले लोक टोपल्या भरून कोसे बाजारात आणतात हे तिनं पाहिलेलं, चांप्याच्या विणकराकडे माग चालतो तो पाहिलेला. आयुष्यभर हा जीव तिच्या अवतीभवती होता. आणि त्याचं तोंड तिनं एकोणऐंशीव्या वर्षी पाहिलं.

"आम्हाला कोसा ठाऊक होता, धागा ठाऊक होता," ती म्हणाली. "बाहेर येऊन त्याचं काय होतं ते कशाला ठाऊक असणार? त्याला बाहेर येऊ कोण देतंय?"

(तोंड म्हणाले खरी, पण या पतंगाला खाण्याचं तोंड नसतंच. सोंड नाही, काही नाही. अळी असताना महिना-सव्वा महिना पानं खाऊन जे साठवलं त्यावर आठ-दहा दिवस काढायचे, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. आईनं रात्री बशीत साखरपाणी ठेवलं होतं. मी ते सकाळपर्यंत राहू दिलं.)

भाषांनी या प्राण्याची केलेली वाटणीही आईसारखीच आहे. छत्तीसगढीत कोसा म्हणजे कोश, धागा, कापड, सगळंच. हिंदीतला टसर संस्कृत 'तसर'वरून आला असं मानतात, आणि तसर म्हणजे विणकराचा धोटा. म्हणजे हत्याराचं नाव कापडाला आणि कापडाचं किड्याला. संस्कृतातलं कौशेय कोशापासून झालेलं, ते कसं होतं याचं पाणिनीनं चक्क एक सूत्र दिलं आहे. आणि मराठी वाचणाऱ्यांपुढे कोसला म्हटलं की १९६३ सालची नेमाड्यांची कादंबरी उभी राहते, किडा नाही. या सगळ्या शब्दांत कवच आहे, दोरा आहे, वस्त्र आहे. उडणारा जीव एकाही शब्दात नाही. त्याला नाव दिलं ते साहेबांनी, तेही दूर बसून, पेटीतून गेलेले मेलेले नमुने पाहून. ड्रू ड्रूरी हा लंडनचा सोनार. त्यानं १७७३ साली याला 'मायलिट्टा' म्हटलं. हिरोडोटसनं बाबिलोनच्या कामदेवतेचं जे नाव नोंदवलं आहे ते हे. याच्या जवळच्या जातीला लिनियसनं त्याआधी, १७५८ साली, 'पाफिया' नाव दिलं होतं, तीही पाफोसची ॲफ्रोडाइटीच. ज्याला खाता येत नाही अशा जिवाला दोघांनी प्रेमदेवतेचीच नावं का द्यावीत हे त्यांचं त्यांना ठाऊक, पण नावं चपखल बसली आहेत.

तर नाव मिळालं. तो आत कसा आला हे मात्र राहिलंच होतं.

तिसऱ्या दिवशीही तो तिथेच होता, फार तर हातभर सरकलेला. म्हणजे सरकलेली. नराच्या मिशा रुंद असतात, नेच्याच्या पानासारख्या. या आखूड-अरुंद मिशा आणि भरलेलं पोट मादीचं. या कुळातल्या माद्या जोडी जमेपर्यंत फारसं उडत नाहीत. जिथे जन्मतात तिथेच आसपास एखाद्या फांदीला धरून बसतात, पोटाचं टोक बाहेर काढून गंध सोडतात आणि वाट पाहतात. उडायचं काम नरांचं. मग ही कुठून उडत आली असणार? आणि तो भिंतीवरचा ओघळ? कोशातून बाहेर पडल्यावर पंख ताणून झाले की पतंग पोटातला साठलेला मळ असा बाहेर टाकतात. तो ओघळ इथे, आमच्या भिंतीवर होता.

मी शोकेसकडे गेले.

जानेवारीत आईला एकदा शेवटचं जगदलपूर पाहायचं होतं (ती गेली पंधरा वर्षं सगळं शेवटचं पाहते आहे). येताना केशकाळचा घाट उतरण्याआधी, कोंडागावच्या अलीकडे एक आठवडी बाजार लागला. एक बाई महुआ आणि चिंचेच्या शेजारी टोपलीत कोसे घेऊन बसली होती. बस्तरात त्यांना रैली म्हणतात, सालाच्या रानात आपोआप होणारे, कुणी न पाळलेले. आईनं पाच घेतले, पाचांचे तीस रुपये, आणि ते घेताना प्रत्येक कानाशी धरून हलवला. घरी आल्यावर त्यांच्या देठांना लाल दोरा बांधून शोकेसच्या बाजूच्या खिळ्याला टांगले. करडे, कोंबडीच्या लहान अंड्याएवढे, लाकडासारखे टणक. येणारे-जाणारे विचारायचे, हे कुठलं फळ?

पाचांतला एक देठाकडच्या बाजूनं उघडा होता. फाटलेला नव्हता, धागे ओलसर करून बाजूला सारावेत तसं गोल तोंड झालं होतं. आत वाळकं तपकिरी टरफल.

जाळी शाबूत होती याचं आता आश्चर्य नव्हतं. तिनं जाळी ओलांडलीच नव्हती. जानेवारीपासून, उन्हाळाभर, पंचेचाळीस डिग्रीत, आम्ही टीव्ही बघत होतो, पाहुण्यांना चहा देत होतो तेव्हा ती तिथेच होती, खिळ्याला. कोशात थांबून राहायचं आणि पावसाची हवा लागली की निघायचं, हे त्यांचं रानातलं वेळापत्रक तिनं हॉलमध्येही पाळलं.

कोशातून निघायची रीत मला मुद्दाम सांगावीशी वाटते. तोंड नाही, दात नाहीत, आणि हे कवच तर असं की नखानं ओरखडा उठत नाही. हार्वर्डचे फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स यांनी १९६४ साली याच प्रजातीतल्या परदेशी पतंगांवर काम करून दाखवलं, की पतंग चेहऱ्यावर एक विकर तयार करतो आणि त्याच्या द्रवानं कोशाचं टोक भिजवतो. ते विकर रेशमाच्या तंतूला काही करत नाही, तंतू एकमेकांना चिकटवणारा डिंक तेवढा विरघळवतं. मग डोकं घुसवून तंतू बाजूला सारायचे. स्वतः विणलेलं न तोडता बाहेर पडायचं. विणकराला मात्र त्याचा उपयोग नाही. धाग्यांची वीण विसकटली की कोसा उकळून त्याचं टोक धरून सलग धागा काढता येत नाही. म्हणून कोसा विणायला घ्यायचा तर त्याआधी आतला जीव उष्णतेनं मारतात. मल्बेरीचं रेशीम असो की कोसा, बहुतेक सगळं रेशीम हे असंच. एका कोशातून सरासरी ग्रॅमभर धागा निघतो. अंगभर पातळाला पाच-सहाशे कोसे लागत असतील असा माझा हिशेब.

हा हिशेब मी व्हिडिओ कॉलवर भाचीला सांगितला, ती पुण्यात असते, दूधसुद्धा घेत नाही. पतंग पाहून ती हरखली होती. हिशेब ऐकून गप्प झाली, आणि मग जे मला बोलायचं नव्हतं ते तिनं बोलून टाकलं. "आजी, म्हणजे तू सोवळं म्हणून जे नेसतेस, महालक्ष्म्यांचा स्वैपाक ज्यात करतेस, त्यात सहाशे जीव गेलेत. आणि सुती साडी मात्र ओवळी."

आईला राग येईल असं वाटलं. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली.

"कोसा मेल्याशिवाय धागा निघत नाही, हे मला तू सांगणार? जगदलपूरला उकळताना वास यायचा, आम्ही नाक दाबून पळायचो. म्हणून तर एकच पातळ बेचाळीस वर्षं नेसले ना. तुझ्या कपाटात किती कपडे आहेत?"

भाची हसली, पण तिचा मुद्दा आईच्या उत्तरानं संपला नाही हे तिला, मला आणि बहुधा आईलाही कळलं होतं. मला आठवलं ते आणखी वेगळंच. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत टसरचे किडे रानात पाळणाऱ्यांच्या पथ्यांची वर्णनं सापडतात: किडे झाडावर आहेत तोवर मांस-मासे नाही, बायकोपासून दूर राहायचं, शुचिर्भूत असल्याशिवाय झाडाजवळ जायचं नाही. आमच्याकडे कापडाला जे सोवळं, ते त्यांच्याकडे किड्याला होतं. दोन्ही टोकांना एवढी शुद्धता, आणि मधे उकळतं भांडं. भंडारा-गडचिरोलीकडे ढिवर समाजाचे लोक ऐनाच्या झाडांवर हे किडे अजून पाळतात. आरमोरीचं टसर नागपूरच्या बाजूला नाव असलेलं. आई ज्या पंगतीत सोवळ्यानं वाढायची त्या पंगतीत त्यांच्यातल्या कुणाला बसवलं असतं का, हे मी आईला विचारलं नाही. उत्तर दोघींनाही माहीत आहे.

हा धागा काढायला माणूस शिकला तरी कधी? २००९ साली आयरीन गुड, मार्क केनॉयर आणि रिचर्ड मेडो यांनी हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या वस्तूंत अडकलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रानरेशमाचे निघाले, याच अँथेरियाच्या घराण्यातले, इसवी सनापूर्वी सुमारे २४५० ते २००० या काळातले. आपल्याकडे नेवाशाला संकलियांच्या उत्खननात मण्यांच्या माळेत रेशमाचा दोरा सापडला होता, तो साडेतीन हजार वर्षांचा. तेव्हापासून आजवर धाग्याची आठवण सलग आहे.

भिंतीवरच्या मादीचं पुढे काय झालं ते सांगते. तिसऱ्या रात्री मी तिला वर्तमानपत्रावर घेऊन गॅलरीत, जाळीच्या बाहेर, मधुमालतीच्या वेलावर ठेवलं. गॅलरीतला आणि हॉलमधला दिवा मालवला. फाब्रनं फ्रान्समधल्या आपल्या घरात, याच कुळातली मोठी मोरपतंग मादी जाळीच्या टोपलीखाली ठेवली तेव्हा पहिल्याच रात्री चाळीसेक नर घरात घुसले, हे त्याच्या वाचकांना माहीत असेल. ती मादी त्यांना दिसत नव्हती. ते गंधावर येत होते. पुढे १९५९ साली बुटेनांट यांनी घरगुती रेशीमकिड्याच्या पाच लाखांवर माद्यांपासून असा पहिला गंध-रेणू वेगळा काढला, तेव्हा ते सिद्ध झालं. मी फाब्रची रात्र डोक्यात घेऊन खुर्चीवर बसले. समोर रस्त्यावरचा पांढरा एलईडी दिवा, पलीकडे बांधकामाचा फ्लडलाइट, कोपऱ्यावर चाट-ठेला. या शहरात रैलीचा नर असलाच तर कुणाच्या तरी शोकेसमध्ये असणार.

चार रात्री गेल्या. कुणी आलं नाही. पाचव्या सकाळी वेलाच्या काडीवर आणि जाळीच्या चौकटीवर अंडी होती, चपटी, बाजरीहून मोठी आणि मसुरीहून लहान, ओळीनं चिकटवलेली. जोडी न जमलेल्या माद्याही शेवटी अंडी घालतात. आठवडाभरात ती खोलगट होऊन सुकली. मादी त्याआधीच गेली. मुंग्यांनी पोट नेलं, पंख राहिले. पंख आईनं तिच्या पोथीत ठेवले, व्यंकटेश स्तोत्राच्या पानाशी.

उरले चार कोसे. ते घरात राहू द्यायचे नाहीत असं मला वाटत होतं. आईला वाटत होतं की बाहेर टांगले तर खारी फोडेल. दोन दिवस यावर आमचं बोलणं बंद होतं, म्हणजे स्वैपाकापुरतं चालू. शेवटी गॅलरीतच, पण जाळीच्या आत, असं ठरलं, आणि रोज संध्याकाळी सातनंतर एकीनं तिथे बसायचं.

बारा दिवसांनी, साडेसातच्या सुमारास, मी बसलेली असताना, एका कोशाच्या देठाकडचा भाग गडद झाला. पाण्याचा थेंब टिपकागदावर पसरावा तसा. मग कुरकुर ऐकू आली, खरंच ऐकू आली, भिंतीपलीकडे कुणी कागद चुरगाळावा तशी. मी आईला हाक मारली. अर्धा तास काहीच नाही. मग धाग्यांतून तांबूस केसाळ डोकं, मग पुढचे पाय, आणि एकदम सगळं अंग ओलं ओलं बाहेर. पंख म्हणजे दोन बाजूंना चार चुरगळलेल्या चिंध्या. तो कोशालाच उलटा लटकला. पंख नुसते लोंबत होते, आणि मग आमच्या डोळ्यांदेखत ते भरू लागले. एकेक शीर ताठ होत गेली, घडी मोडत गेली, आणि चार डोळे, आधी सुरकुतलेले, गोल होत गेले. पुरता उलगडायला वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. विटकरी रंग, टोकाशी जास्त वळलेले पंख, आणि मिशा अशा रुंद की दोन नेच्याची पानं.

आई एकदाच बोलली. "नर आहे," म्हणाली. आणि मग, "बारा दिवस उशीर केलास रे."

दहानंतर त्याचे पंख थरथरायला लागले. उडण्याआधी ते असे अंग तापवून घेतात. मी जाळीचं दार उघडलं. तो आधी छताला थडकला, मग खाली आला, मग गेला. रस्त्यावरच्या दिव्याकडे न जाता त्याच्या वरून, कॉलनीच्या बागेच्या बाजूला. तिथे अर्जुनाची तीन झाडं आहेत. तिथे काही असेल असं म्हणणं धाडसाचं आहे.

तिसरा कोसा एका रात्री आम्ही दोघी झोपून गेल्यावर उघडला. सकाळी रिकामं कवच आणि जमिनीवर ओघळ. दार रात्रभर उघडंच ठेवलं होतं, डास आले तर आले म्हणून. चौथा अजून जड लागतो. पाचवा खुळखुळतो.

ऑगस्टच्या शेवटी, तीजाच्या आधी, चांप्याचे साडीवाले आले. दरवर्षी येतात, तीजाला माहेरची साडी द्यायची छत्तीसगढात रीत आहे, तेव्हा त्यांचा हंगाम असतो. सत्तरीला टेकलेले आहेत, घराणं विणकरांचं. आई काही घेत नाही, पण गठ्ठा उघडायला लावते. मी त्यांना फोनवरचे फोटो दाखवले, मादीचा, नराचा. त्यांनी फोन लांब धरून पाहिला.

"ये तो नुकसान है," ते म्हणाले.

त्यांच्या घरात पतंग दिसला म्हणजे माल वाया गेला. लहानपणी एका पावसाळ्यात कोसे वेळेवर वाफवले गेले नाहीत, रात्रीत खोलीभर पतंग झाले, छताला, भिंतींना, मागाला. वडील डोकं धरून उंबऱ्यावर बसले होते. आणि दिसत कसे होते? तेव्हा कोण बघतंय, ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "सुंदर तो थे." आईच्या मांडीवर धागा वळून वळून पडलेल्या घट्ट्यांबद्दल ते मात्र बराच वेळ बोलले. केंद्र सरकारनं २०१७ साली 'बुनियाद' नावाचं धागा काढायचं यंत्र आणलं, त्यानं बायकांचं ते मांडीवरचं काम सुटायला लागलं; आई असती तर तिला दाखवलं असतं, असं म्हणाले.

जाताना त्यांची नजर शोकेसवरच्या वाटीकडे गेली. भोक पडलेले तिन्ही कोसे आईनं त्यात ठेवले होते. त्यांनी एक उचलला, तोंडाकडचे धागे अंगठ्यानं चाचपले, उजेडाकडे धरला.

"माताजी, ये हमको दे दो. घिचे में चल जाएगा."

घिचा म्हणजे अशाच फुटक्या कोशांतून हातानं ओढून काढलेला जाडसर, गाठाळ धागा. त्याची शाल होते, जाकिटाचं कापड होतं. त्या कापडासाठी कुणाला मारावं लागत नाही, आणि ते अस्सल कोशाहून स्वस्त विकलं जातं. अलीकडे शहरांत त्यालाच अहिंसा रेशीम म्हणून जास्त पैसेही देतात. भाचीला एक घ्यावी असं माझ्या मनात येऊन गेलं.

"सहा रुपयाला एक घेतला होता," आई हिंदीत म्हणाली.

"तब तो भीतर कीड़ा था."

"म्हणजे कीड्याचे पैसे कापणार?"

ते हसले. खिशातून पाचाचं नाणं काढून त्यांनी वाटीत टाकलं, तिन्ही कोसे रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवले, आणि आई काही घेत नाही हे ठाऊक असूनही गठ्ठ्यातली आणखी एक साडी उलगडली.